येवल्याचा विमानतळ

श्रीनाथ टिपणीस सरांनी शाळेचा मोठा नकाशासंग्रह जमिनीवर पसरला, त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि वर न बघता हात मागे केला. "दोरा," ते म्हणाले.

सुनीतीबाईंनी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा त्यांच्या हातावर ठेवला. सव्वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या घरात शर्टाची बटणं कमी शिवली जातात आणि अंतरं जास्त मोजली जातात, हे त्यांना आता सवयीचं झालं होतं.

समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला राघो पाटील बसला होता. अंजूरची त्याची खाडीकडची जमीन गोदामवाल्यांनी घेतली होती, घरासमोर नवीकोरी जीप उभी होती, पण टिपणीस सरांसमोर तो अजूनही पूर्ण खुर्चीत बसत नसे. याच सरांच्या हाताखाली तो भूगोलात दोनदा नापास झाला होता.

"आयसला यकदा इमानात बसवाचंय मास्तर," तो म्हणाला. "शेतात वाकली का वरून इमान जातं, ती उभी ऱ्हाऊन बगत बसते. बोललो, चल, औरंगाबादला जाव, घृष्णेश्वराचं दर्सन बी व्हईल. इमान किती येलात पोचंल?"

"तेच बघतोय." सरांनी दोऱ्याचं टोक अंगठ्याखाली दाबलं. "हे सांताक्रूझ. हे ठाणं. ही आपली भिवंडी. इथून शहापूर, कसारा, नाशिक, येवला, वैजापूर. आणि हे औरंगाबाद."

"इमान भिवंडीवरून जातं?"

"जाणारच. खालचा रस्ता दिसल्याशिवाय पायलटला कळणार कसं, कुठे वळायचं ते?"

दारात कोणीतरी हसलं. शेजारचा सुधीर कर्णिक आपला पेपर परत न्यायला आला होता. सुधीर बँकेत होता, रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत असे, आणि या दोन्ही कारणांनी सरांना तो फारसा आवडत नसे.

"सर, विमान सरळ रेषेत जातं. रस्त्याने जायला ती काय एस्टी आहे? पेपरात वेळापत्रक येतं. मुंबई ते औरंगाबाद पंचेचाळीस मिनिटं."

सर सावकाश उठले. "अंतर तीनशे पंच्याहत्तर किलोमीटर. विमानाचा वेग ताशी तेवढाच धर. एक तास झाला. त्यात कसारा घाटात विमान हळू घ्यावं लागतं, त्याची पाच मिनिटं. एक तास पाच मिनिटं. आणि सुधीर, पेपर छापणारा विमानात बसलाय का कधी?"

या प्रश्नाला ब्राह्मण आळीत उत्तर नव्हतं. आळीत विमानात बसलेला माणूस एकच होता, आणि तो हा प्रश्न विचारत होता.

निदान तशी सगळ्यांची समजूत होती. खरी गोष्ट अशी, की एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात सर पाठ्यपुस्तकाच्या कसल्याशा बैठकीला नागपूरला गेले होते ते आगगाडीने. परत आल्यावर वाचनालयात कोणीतरी सहज विचारलं, "विमानाने गेला होता का?" त्या वेळी ऐकायला चारपाच जण होते, आणि ऐकायला माणसं असली की सरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. मग पुढच्या दहा वर्षांत त्या प्रवासाला ढग आले, हवाई सुंदरी आली, एकदा तर वीजही कडाडली. वाचनालयाच्या खिडकीजवळची वेताची खुर्ची आपोआप सरांची झाली. संध्याकाळी ते तिच्यात बसत आणि लोक येऊन विचारत, लंडन किती लांब, समुद्र किती खोल, दुबईला उकडतं का. सरांनी 'माहीत नाही' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"पैज?" सुधीरने विचारलं.

"पैज कसली? एक तास पाच मिनिटांत चूक निघाली, तर वाचनालयातल्या त्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही."

"राघो, ऐकलंस ना?" सुधीर म्हणाला.

राघोने ऐकलं होतं, पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "मास्तर, तुमीच चला ना संगं. इमानात कसं चढाचं, कवा उतराचं, आमाना काय म्हाईत? तुमी बसलेलं मानूस."

सर दोरा गुंडाळायला लागले. "मी आलो असतो रे. पण परीक्षा आहेत."

"जानेवारीत?" सुधीरने पेपराची घडी करत विचारलं.

झालं. सर अडकले. राघो निघून गेल्यावर सुनीतीबाई आतून म्हणाल्या, "अहो, अंथरुणाचा होल्डॉल काढू का माळ्यावरून? मागच्या विमानात तोच नेला होता ना?"

"हळू बोल!" सर म्हणाले.

त्या हळू बोलल्या, पण होल्डॉल काढलाच. सरांनी तो न्यायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी तो राघोच्या आईला, ठमाबाईला, तिच्या घोंगड्यांसाठी वापरायला दिला. "न्या आजी," त्या म्हणाल्या, "अनुभवी आहे तो."

सोमवारी पहाटे राघोची जीप निघाली. आदल्या दिवशी सरांनी अंजूरला जाऊन गावकऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की नऊ वाजून पन्नास मिनिटांनी विमान बरोबर गावावरून जाईल, तेव्हा लाल कपडा घेऊन मोकळ्या शेतात उभं राहावं. राघोची बायको रंगूबाई निम्मं गाव घेऊन उभी राहिली. त्यांनी त्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकूण अकरा विमानांना लुगडी हलवून दाखवली, आणि प्रत्येकात आपलीच माणसं बसल्याचं मुलाबाळांना सांगितलं.

इकडे सांताक्रूझला ठमाबाईने विमानाच्या पायऱ्या चढताना कमरेच्या पिशवीतून नारळ काढला. पुढच्या चाकावर फोडायचा तिचा बेत होता. दारातल्या हवाई सुंदरीने हात जोडून तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे," ठमाबाई म्हणाली आणि नारळ तिच्याच हातात दिला. "डायवरला दे. बोल, अंजूरच्या पाटलांनी दिला."

विमान अर्धंअधिक रिकामं होतं. तिघांना एका ओळीत जागा मिळाली. खिडकीशी राघो, मधे ठमाबाई, कडेला सर. राघोने आणि ठमाबाईने पट्ट्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सरांनी पुढच्या माणसाकडे पाहिलं, त्याने केलं तसं केलं, आणि म्हणाले, "असं. मॉडेल थोडं बदललंय."

सुंदरी ताटलीत गोळ्या आणि कापूस घेऊन आली. गोळ्या चघळायच्या हे कळण्यासारखं होतं. कापसाचं सरांनी क्षणभर विचार करून ठरवलं. "दोन्ही कानांत घट्ट घालायचा. मी सांगेपर्यंत काढायचा नाही. पडदे फाटतात."

तिघांनी कान बंद केले. विमान धावायला लागलं, नाक वर झालं, आणि सरांनी डोळे मिटून हाताला लागेल ते धरलं. हाताला ठमाबाईचं मनगट लागलं. डोळे उघडले तेव्हा राघो खिडकीतून ओरडून विचारत होता, "मास्तर, ठानं कुटं हाय? यो तं दर्या!"

"स्टँडमधून एस्टी काढताना आधी मागे घेतात की नाही?" सर तितक्याच मोठ्याने ओरडले. "तसंच!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

सरांनी खिशातून दोरा काढला. घरी त्यांनी त्याला गावोगावच्या गाठी मारल्या होत्या. घड्याळात नऊ बेचाळीस झाले होते. ढगांतून खाली काही दिसत नव्हतं, त्यामुळे विमान भिवंडीवरूनच चाललं आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. कसारा घाट त्यांनी स्वतः जाहीर केला. ठमाबाईने घाटातल्या देवीला बसल्या जागेवरून हात जोडले.

दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी विमान जमिनीला टेकलं.

सरांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, कानात कापूस असल्यामुळे काही ऐकू आलं नाही, पुन्हा पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं. एक कमी नाही, एक जास्त नाही. पेपरातलीच. माणसं उठून सामान काढत होती, दार उघडत होतं, आणि सरांना वाचनालयातली खिडकी दिसत होती, खिडकीजवळची खुर्ची दिसत होती, आणि त्या खुर्चीत बसून पेपर वाचणारा सुधीर कर्णिक दिसत होता. राघो पट्टा सोडायला लागला, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"बस. हे आपलं नव्हे."

"मंग कंचं?"

सरांनी दोरा ताणला. पंचेचाळीस मिनिटं, त्यातली घाटाची पाच वजा. बोट एका गाठीवर थांबलं. "येवला."

"यवल्याला इमान थांबतं?" ठमाबाईचे डोळे चमकले. "मंग खाली जाऊन यक पैठनी घिऊन येव का?"

"दहाच मिनिटं थांबतं. चुकेल."

राघो खिडकीला नाक लावून बसला होता. "मास्तर, त्या घरावर औरंगाबाद लिवलंय. मोट्या अक्षरांत."

"राघो, ठाण्याच्या स्टँडवर गाडीला 'नाशिक' अशी पाटी असते. म्हणून ठाणं नाशिक होतं का?"

"न्हाय."

"पाटी कुठे जायचंय त्याची असते, कुठे आहोत त्याची नसते. तुला सहामाहीत भूगोलाला किती मार्क होते?"

"सात," राघो म्हणाला.

"मग?"

राघोने पट्टा पुन्हा लावला. तेवढ्यात सुंदरी आली. कापसातून तिचं अर्धंमुर्धं बोलणं पोचत होतं, पण खुणेवरून सगळं स्पष्ट होतं. "आप लोग आगे जा रहे हैं?"

"आगे," सरांनी ठामपणे सांगितलं. "तीनों आगे."

तिने मान डोलावली आणि ठमाबाईला आणखी दोन गोळ्या दिल्या. विमानाच्या पोटातून सामान उतरत होतं. त्यात होल्डॉलही उतरला. राघोला तो दिसला, पण सात मार्कांची आठवण ताजी होती, म्हणून तो काही बोलला नाही.

विमान पुन्हा उडालं. राहिलेली वीस मिनिटं सरांनी घड्याळ हातात धरून मोजली. वीस झाली. तीस झाली. सर वाकून राघोच्या खिडकीतून खाली औरंगाबाद शोधत होते आणि खाली नुसती माळरानं सरकत होती. चाळिसाव्या मिनिटाला राघोने भीत भीत विचारलं, "मास्तर, औरंगाबाद मागं ऱ्हायलं का काय?"

"वारा उलटा आहे," सर म्हणाले.

पन्नासाव्या मिनिटाला वाऱ्याचंही काही चालेना. सरांनी एका कानातला कापूस हळूच काढला आणि नेमका त्याच वेळी वरच्या कर्ण्यातून आवाज आला, की थोड्याच वेळात आपण उदयपूरला उतरणार आहोत. दोऱ्यावर उदयपूरची गाठ नव्हती.

सुंदरीने तिकिटं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आप लोग औरंगाबाद में उतरे क्यों नहीं?"

"वो येवला था ना?" सर म्हणाले.

"येवला क्या होता है?"

भूगोलाच्या शिक्षकाला असा प्रश्न कोणी विचारू नये. सरांनी दोरा खिशात घातला. ठमाबाईने मात्र मान हलवली. "पोरीला यवला म्हाईत न्हाय," ती म्हणाली, "आन इमानात कामाला ठेवलंय."

उदयपूरच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने त्यांची हकीकत दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकली ती केवळ आनंदासाठी, कारण या वेळी त्याने हाताखालच्या चौघांना बोलावून घेतलं होतं. हेच विमान उद्या उलट जाईल, त्यातून तुम्हाला औरंगाबादला सोडतो, असं सांगून त्याने त्यांना गावातली धर्मशाळा दाखवली.

संध्याकाळी तिघं तळ्याकाठी बसले. पाण्याच्या मधोमध पांढरा महाल उभा होता. राघो शेंगा आणायला गेला, तेव्हा ठमाबाईने आपलं मनगट सरांपुढे केलं. त्यावर चार नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या.

"मास्तर, पयल्यांदाच बसलाव नं इमानात?"

सरांनी कानात बोट घालून खाजवलं. "कापसामुळे अजून नीट ऐकू येत नाही."

"मी बी पयल्यांदाच बसली," ठमाबाई म्हणाली. "तेच्यात लाजाचं काय?" आणि ती पुन्हा महालाकडे बघायला लागली. राघोला तिने काही सांगितलं नाही.

मंगळवारी ते औरंगाबादला उतरले. त्या घरावर तीच पाटी होती. एका कोपऱ्यात होल्डॉल एकटा उभा होता. ठमाबाईने घोंगड्यांत सुके बोंबील बांधून आणले होते, त्यामुळे रात्रभर त्याच्या जवळपास दुसरं सामान कोणी ठेवलं नव्हतं. दर्शन झालं. बुधवारी परतीची एस्टी येवल्यावरून गेली. ठमाबाई खिडकीतून इकडे तिकडे बघत राहिली. "मास्तर, हितं इमानतल कंच्या अंगाला हाय?" तिने विचारलं. सर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होते.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात नेहमीपेक्षा तिप्पट माणसं होती. सर खुर्चीत बसून उदयपूरच्या तळ्याची खोली सांगत होते. उदयपूरला कसं जाणं झालं, तेही त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या सुंदरीने वेळेवर सांगितलं नाही, गावी उतरायचं राहून गेलं, आजकाल कोणाला जबाबदारी नाही. लोक हळहळले. तेवढ्यात देवाचा प्रसाद द्यायला ठमाबाई आली आणि दाराशी उभी राहिली.

"ते सगळं ठीक आहे सर," सुधीर म्हणाला. "मुंबई ते औरंगाबाद किती वेळ लागला, तेवढं सांगा."

"तसं एका शब्दात सांगता येत नाही. हवामान असतं, वारा असतो..."

"पंचेचाळीस मिनिटं की एक तास पाच?"

सरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. खुर्ची त्यांना गेल्यासारखीच वाटत होती.

"दोन दिस," दारातून आवाज आला.

सगळे वळले. ठमाबाई प्रसादाची पुडी सोडत होती. "सोमवारी निंगालो, मंगलवारी पोचलो. मी सोता व्हती ना."

जो हशा उठला तो थांबेना. सुधीरने समोरचा पेपर उघडला आणि मिटला. पेपरातली पंचेचाळीस मिनिटं सोमवारी निघून मंगळवारी पोचलेल्या म्हातारीला दाखवायची कशी? सरांच्या जिवात जीव आला. ते खुर्चीत मागे रेलले, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बघ सुधीर. छापील ज्ञान वेगळं, अनुभव वेगळा. मी नागपूरला विमानाने गेलो तेव्हाही..."

"मास्तर, तुमचा होल्डाल!" राघो मागून आत आला. त्याने तो सरांच्या पायाशी आणून ठेवला. "बाईंचा घेतलेला, त्यो परत द्यायचा ऱ्हायला. धुऊन आनलाय. बोंबलांचा वास काय पुरता ग्येला न्हाय."

वास आला खराच. सुधीरने नाकाला रुमाल लावला आणि होल्डॉल जरा लांब सारायला वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. होल्डॉलच्या पट्ट्याला, वळकटीच्या आतल्या बाजूने, पक्क्या शाईने लिहिलेली एक जुनी कापडी चिठ्ठी शिवलेली होती. धुण्यात पट्टा उलटला होता. सरांचं अक्षर सगळ्या आळीला ओळखीचं होतं. वळणदार, टपोरं, वर्षानुवर्षं फळ्यावर घोटलेलं.

सुधीरने मोठ्याने वाचलं. "'श्री. श्रीनाथ टिपणीस. कल्याण ते नागपूर. हावडा मेल. बारा मे एकोणीसशे एकोणऐंशी.'"

या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि सर चिठ्ठीकडे बघत होते. त्यांना काहीही सुचत नव्हतं, साधा वारासुद्धा सुचत नव्हता.

राघोला मात्र आपल्या मास्तरांचा असा पाणउतारा सहन होईना. "सुधीरभाव, पाटीवर जाव नका," तो पुढे होऊन म्हणाला. "पाटीवर लिवलेलं खरं नसतं. मास्तरांनीच आमाना शिकवलं. औरंगाबादला बी केवडी मोटी पाटी व्हती, मी सोता वाचली, ती इमानवाली बाय बी इचारून गेली. तरी मास्तर बोलले, ह्यो यवला हाय, बसा. आन आमी बसलो."

इतक्या मनापासून कोणी कोणाची बाजू घेतली नसेल. सर उठले. त्यांनी होल्डॉल उचलला, काखेत मारला आणि बोंबलांच्या वासासकट ते वाचनालयाच्या पायऱ्या उतरले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

ठमाबाई मघापासून उभी होती. तिचे गुडघे दुखत होते. समोर खुर्ची रिकामी दिसली तशी ती जाऊन बसली आणि तिथूनच प्रसाद वाटायला लागली. एकाने प्रसाद कपाळाला लावला आणि सवयीने खुर्चीकडे बघून विचारलं, "आजी, दिल्लीला विमानाने जायला किती वेळ लागतो हो?"

ठमाबाईने जरा विचार केला. "मी काय गेलेली न्हाय बाबा," ती म्हणाली. "म्हाईत न्हाय."

त्या खुर्चीतून असं उत्तर पहिल्यांदाच आलं होतं.